वकील लावताय? आधी पाटी वाचा, मग सनद, मग रोजनामा

मी साताऱ्यात एका छोट्या वकिली ऑफिसात टायपिंग आणि क्लार्कचं काम करतो. वकील नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं म्हणजे कायद्याचा सल्ला नाही, टेबलाच्या आतल्या बाजूला बसून रोज जे दिसतं ते आहे. ऑफिसात एक सिनियर, एक मॅडम, दोन ज्युनियर आणि मी. माणूस पहिल्यांदा येतो तो कॅरीबॅगेत समन्स घेऊन येतो आणि दारातूनच विचारतो "साहेब आहेत का, फी किती घेतात?" साहेब काय शिकलेत, रोज कुठल्या कोर्टात जातात, माझ्या कामाचं त्यांना काही माहितीय का, हे कुणी विचारतच नाही. लग्नाला पाव्हणे बघताना चार गावं चौकशी करणारी आपली माणसं वकील मात्र चहाच्या टपरीवर ठरवतात.

पहिलं काम वकील शोधायचं नाही. पहिलं काम म्हणजे हातातला कागद वाचायचा. समन्स ज्या दिवशी हातात पडलं ती तारीख त्याच कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवा, आणि कोर्टात हजर राहायची तारीख कुठली ते बघा. दिवाणी दाव्यात कैफियत, म्हणजे तुमचं लेखी उत्तर, द्यायला समन्स मिळाल्यापासून ३० दिवस असतात, कोर्टाने कारण मान्य केलं तर ९० पर्यंत. त्यानंतरही कधीकधी कॉस्ट, म्हणजे दंडासारखी रक्कम, भरून घेऊन उत्तर घेतात पण ते कोर्टाच्या मनावर, तुमच्या हक्कात नाही. चेक बाउन्सची नोटीस असेल तर ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर पुढे फिर्याद होते. म्हणजे चौकशी करायला वेळ आहे पण महिनाभर नाही, दोन-तीन दिवसांत उरका.

मग बघायचं की काम कुठल्या दारातलं आहे. "जमिनीची केस" हे काही कामाचं नाव नाही. भावकीत वाटप पाहिजे असेल तर दिवाणी कोर्ट, फेरफार नोंदीवर हरकत असेल तर आधी मंडळ अधिकारी किंवा तहसीलदार आणि मग प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी, शेताचा वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर तहसीलदारांकडे मामलतदार कोर्ट ॲक्ट, जो १९०६ चा आहे आणि अजून रोज वापरला जातो. बिल्डरने फ्लॅट अडकवला तर महारेरा, सोसायटीचं भांडण असेल तर बऱ्याचदा सहकार न्यायालय, अपघाताची भरपाई असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरण. हे सगळे वेगवेगळे दरवाजे आहेत आणि प्रत्येक दारात रोज उभा राहणारा वकील वेगळा असतो. प्रांत ऑफिसात बारा वर्षं काढलेला माणूस सेशन कोर्टात उलटतपासाला उभा राहिला तर चाचपडणार, आणि खुनाचे खटले चालवणाऱ्याला सातबारावरचं इतर हक्कातलं बोजाचं प्रकरण विचारलं तर तोही गुपचूप क्लार्ककडे बघतो (आमच्याकडे माझ्याकडे बघतात!).

आता पाटी. नावाच्या आधी ॲड. आणि नावामागे अक्षरांची माळ. एलएलबी दोन वाटांनी होते, आधी कुठली तरी पदवी घेऊन मग तीन वर्षं, किंवा बारावीनंतर सरळ पाच वर्षं. पुण्याकडच्या पाट्यांवर बीएसएल एलएलबी दिसतं ते पाच वर्षांचंच. दोन्ही सारखंच चालतं, कमीजास्त काही नाही. उलट तीन वर्षंवाल्याची आधीची पदवी विचारा, कारण तिथे खरी माहिती लपलेली असते. बीकॉम करून बँकेत नोकरी केलेला माणूस नंतर वकील झाला तर कर्ज, गहाणखत, सरफेसीच्या (थकलेलं कर्ज वसूल करायचा बँकांचा कायदा) नोटिसा तो नुसत्या चाळून सांगतो. आमच्या मॅडम बीएस्सी ॲग्री आहेत, मोजणी नकाशा असा उलगडतात की भूमी अभिलेखचा माणूसही गप्प बसतो. एलएलएम म्हणजे एका विषयात जास्त शिक्षण, चांगलंच आहे, पण त्याने कोर्टात जास्त काही करता येतं असं नाही. डीएलएल अँड एलडब्ल्यू असेल तर कामगार कायद्याचा डिप्लोमा, डीटीएल असेल तर टॅक्सचा.

नोटरी हा शब्द लाल अक्षरात असतो म्हणून लोकांना वाटतं हा मोठा वकील. नोटरीची नेमणूक सरकार करतं, १९५२ च्या नोटरी कायद्याखाली, आणि त्यासाठी साधारणपणे १० वर्षांची प्रॅक्टिस लागते, काही वर्गांना कमी. म्हणजे माणूस जुना आहे एवढं नक्की कळतं. पण प्रतिज्ञापत्रावर शिक्का मारणं वेगळं आणि दावा चालवणं वेगळं.

"अँड असोसिएट्स" वाचून पण दबू नका. कित्येकदा असोसिएट म्हणजे एक ज्युनियर आणि एक टेबलफॅन. त्यात फसवणूक आहे असं नाही, छोटी ऑफिसं अशीच असतात, एकाच्या नावावर चालतात. फक्त पार्टनर कोण हे विचारायला हरकत नाही. जो वकील नाही त्याच्याशी वकिलाला भागीदारी करता येत नाही, फीचा वाटाही देता येत नाही. म्हणजे तुम्हाला तहसीलच्या आवारातून हाताला धरून घेऊन आलेला एजंट "माझं आणि साहेबांचं एकच आहे" म्हणत असेल तर तिथेच सावध व्हा.

एक गंमत सांगतो. बार कौन्सिल, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणारी संस्था, तिच्या नियमांप्रमाणे वकिलाच्या पाटीवर "अमुक विषयाचे तज्ज्ञ" किंवा "माजी न्यायाधीश" किंवा बार असोसिएशनचा अध्यक्ष वगैरे लिहायलाच परवानगी नाही, जाहिरात करायलाही नाही. स्वतःची वेबसाईट ठेवता येते, त्यावर नाव, पत्ता, शिक्षण, सनद म्हणजे वकिलीच्या परवान्याचा नंबर, कुठल्या प्रकारची कामं करतो एवढं टाकता येतं, ही सवलत २००८ मध्ये मिळाली. त्यामुळे रिक्षाच्या पाठीमागे "घटस्फोट तज्ज्ञ, खात्रीशीर निकाल" वाचलंत तर ज्याने पहिलाच नियम मोडलाय तो तुमची केस किती नियमाने चालवेल याचा तुम्हीच विचार करा.

आणि सिनियर हा शब्द. आमच्याकडे ज्या वकिलाच्या हाताखाली ज्युनियर शिकतो तो त्याचा सिनियर, बस्स. कायद्यातला सिनियर ॲडव्होकेट वेगळा, तो हायकोर्ट किंवा सुप्रीम कोर्टाने ठरवलेला असतो, १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम १६ प्रमाणे. तो वकीलपत्र, म्हणजे पक्षकाराने वकिलाला उभं राहायचा अधिकार दिल्याचा कागद, दाखल करत नाही, पक्षकाराकडून थेट केसही घेत नाही, दुसऱ्या वकिलामार्फतच येतो. त्यामुळे कुणी "मी सिनियर कौन्सिल, इथे सही करा" म्हणून वकीलपत्र पुढे केलं तर काहीतरी घोळ आहे.

यानंतर सनद. एलएलबी पास झालेला प्रत्येक माणूस वकील नसतो हे बऱ्याच जणांना माहीतच नाही, सनद लागते. महाराष्ट्र आणि गोव्याचं बार कौन्सिल एकच आहे, मुंबईत फोर्टला हायकोर्टाशेजारी ऑफिस आहे, तिथे नाव नोंदवलं की एमएएच, मग एक आकडा, मग साल असा नंबर मिळतो. हा नंबर वकीलपत्रावर असतो, तो विचारणं म्हणजे अपमान नाही. सालावरून वकील किती जुना ते कळतं, पण नुसतं सालही फसवं असतं, आमच्या ओळखीत १९९८ ची सनद असलेले एक गृहस्थ आहेत ज्यांनी मधली पंधरा वर्षं दुधाची डेअरी चालवली. २००९-१० आणि त्यानंतर कायद्याची पदवी पूर्ण केलेल्यांना ऑल इंडिया बार एक्झाम (एआयबीई) पास व्हावी लागते, पहिली परीक्षा मार्च २०११ मध्ये झाली. नवीन पोरांना आधी तात्पुरती सनद मिळते आणि दोन वर्षांत परीक्षा काढायची असते. म्हणून ज्युनियरला विचारताना "तुमची एआयबीई झाली का" असं विचारलंत की तो जरा सरळ बसतो.

आता या सगळ्यात मला सगळ्यात जास्त भरवशाची वाटते ती गोष्ट, आणि ती फुकट आहे. मोबाईलवर ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲप घ्या किंवा त्यांची साईट उघडा, जिल्हा निवडा, कोर्ट निवडा, तिथे वकिलाच्या नावाने किंवा सनद नंबरने शोधता येतं. यादी येईल. त्यातले केस नंबर बघा, आरसीएस म्हणजे रेग्युलर दिवाणी दावा, एससीसी म्हणजे समरी फौजदारी, ज्यात चेक बाउन्सचे ढीग असतात, एमएसीपी म्हणजे अपघात भरपाई. दहा मिनिटात कळतं की साहेब रोज कुठली कामं करतात. तुमचा वाटपाचा दावा आणि त्यांच्या यादीत नव्वद टक्के एससीसी असेल तर बाई-बुवा जरा विचार करा.

पण यादी वाचायलाही अक्कल लागते. बऱ्याच ठिकाणी नाव सिनियरचं असतं आणि काम ज्युनियर करतो, नावाचं स्पेलिंग तीन प्रकारे टाकलेलं असतं, आणि महसूल खात्यातली प्रकरणं या यादीत येत नाहीत, त्यामुळे प्रांताकडे काम करणारा चांगला वकील इथे रिकामा दिसेल. आणि "किती केस जिंकल्या" हे मोजायला जाऊ नका, तडजोडीत मिटलेली केस पण निकाली निघाली असंच दिसतं आणि कित्येकदा तीच सगळ्यात चांगली झालेली असते. त्यापेक्षा एक-दोन केस उघडून तारखांमागची नोंद वाचा. आमच्या आत्याच्या यजमानांनी दाव्यात मोठ्या शहरातला एक नावाजलेला वकील लावला होता, गावात सांगायला बरं वाटायचं. चार तारखा झाल्या, काका दर वेळी फोन करायचे, पलीकडून "काळजी करू नका, बघतोय". शेवटी मी रोजनाम्याची, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याच्या कोर्टातल्या नोंदीची, नक्कल काढली तर चारही तारखांना एकच ओळ, "प्रतिवादी व त्यांचे वकील गैरहजर", आणि पाचव्या तारखेला कैफियतीशिवाय दावा पुढे चालवायचा हुकूम. तो हुकूम रद्द करून घ्यायला जेवढा खर्च आला तेवढ्यात इथल्या वकिलाची अर्धी फी झाली असती.

म्हणून ऑफिसात गेलात की माझ्या मते एकच प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा: तारखेला उभं कोण राहणार? छोट्या ऑफिसात हे उत्तर सरळ मिळतं, मोठ्यात मिळत नाही, छोट्या ऑफिसाचा खरा फायदा हाच. उत्तर "ज्युनियर राहील" असं असलं तरी घाबरू नका, नुसती तारीख घ्यायला किंवा अर्ज द्यायला ज्युनियर पुरतो. पण निशाणी ५ चा अर्ज, म्हणजे तात्पुरता मनाई हुकूम, त्याचा युक्तिवाद कोण करणार आणि साक्षीदाराचा उलटतपास कोण घेणार हे नावासकट विचारा. आणि मग त्या माणसाशी पाच मिनिटं बोला. ऑफिसात वडील आणि मुलगा दोघं असतील तर पाटीवरचा चाळीस वर्षांचा अनुभव वडिलांचा असतो आणि फाईल मुलाकडे जाते, हे तर इथे घरोघरी आहे. मुलगा हुशारही असतो, नाही असं नाही, पण तुम्हाला माहीत असायला पाहिजे.

पूर्वी काय केलंय हेही विचारा. पूर्वी सहायक सरकारी वकील असलेला माणूस फौजदारीत पोलिसांचे कागद कुठे कच्चे असतात ते बरोबर ओळखतो. जिल्हा सरकारी वकिलांच्या पॅनेलवर राहिलेल्याला सरकारविरुद्धच्या दाव्यातले पेच माहीत असतात, पण अजून पॅनेलवर असेल आणि तुमचं भांडण सरकारशी असेल तर तो तुमचं काम घेऊ शकणार नाही, आधीच विचारा. निवृत्त तलाठी, मंडळ अधिकारी लोकही सनद घेऊन बसतात, महसुलाच्या कामाला ते सोन्यासारखे. आणि समोरच्या पार्टीचं काम कधी केलंय का हे विचारायला विसरू नका. तालुक्याच्या गावात सगळेच सगळ्यांचे काही ना काही लागतात, पाटण, वडूज, कोरेगावसारख्या कोर्टात मोजक्या वकिलांत हे टाळणं अवघडच, पण ते पहिल्या दिवशी कळलेलं बरं.

भेटायला जाताना संध्याकाळी जा, कोर्टाच्या वेळात वकील कोर्टात असतो आणि सकाळी साडेदहाला तो तुमचं अर्धंच ऐकतो. कागद तारखेप्रमाणे लावून न्या, मूळ कागद दाखवा पण ठेवून येऊ नका, झेरॉक्स द्या, आणि मूळ द्यावाच लागला तर काय दिलं ते एका चिठ्ठीवर लिहून सही घ्या. तुमच्या विरुद्ध जाणारा कागद सगळ्यात आधी काढा. लोक तो लपवतात आणि मग तो समोरच्या वकिलाच्या हातातून उलटतपासात बाहेर येतो, त्या वेळी आमच्या साहेबांचं तोंड मी बघितलेलं आहे.

चांगला वकील पहिल्या भेटीत तुमच्या केसमधली कमजोर बाजू सांगतो. "शंभर टक्के आपलाच निकाल" म्हणणारा, "जजसाहेब आपल्या ओळखीचे आहेत" म्हणणारा, यांच्याकडून चहा घ्या आणि उठा.

फीचं बोलायला लाजू नका. एकरकमी का टप्प्याने, आणि टप्प्याने असेल तर दावा दाखल करताना किती, निशाणी ५ ला किती, साक्षीपुराव्याला किती, युक्तिवादाला किती, हे एका कागदावर लिहून घ्या. कोर्ट फी स्टॅम्प, टायपिंग, नकला, बेलीफचा खर्च हे वेगळं धरायचं. निकालातून मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी ठरवायला वकिलाला मनाई आहे, तरी अपघाताच्या केसमध्ये हे सर्रास बोललं जातं, तुम्ही कबूल करू नका. पैसे गुगल पे केले तरी पावती मागा. बायकांसाठी एक गोष्ट, जी वकीलसुद्धा कधीकधी सांगायला विसरतात: पोटगी, घटस्फोट, मालमत्तेचा वाद, अत्याचार अशा प्रकरणांत महाराष्ट्रात स्त्री पक्षकाराला कोर्ट फी माफ आहे, १९९४ ची अधिसूचना आहे. आणि बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे, अपंग, कोठडीत असलेले यांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. जिल्हा कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं, फोन १५१००. फुकटचा वकील म्हणजे नवशिकाच असतो असं नाही, आमच्या मॅडमही त्या पॅनेलवर आहेत.

वकीलपत्र वाचून सही करा. छापील कागद असतो, बारीक अक्षरं असतात, त्यात तडजोड करण्याचा, पैसे स्वीकारण्याचा, दावा काढून घेण्याचा अधिकार तुम्ही देता असं लिहिलेलं असतं. तडजोड मला विचारल्याशिवाय करायची नाही असं वाटत असेल तर ते तिथेच सांगा, ती ओळ खोडता येते. कोऱ्या वकीलपत्रावर सही नको, दाव्याचा नंबर, पक्षकारांची नावं भरलेली पाहिजेत, वकिलांची नावं आणि सनद नंबर पाहिजेत, ऑफिसातले दोघं-तिघं काम बघणार असतील तर सगळ्यांची नावं टाकून घेतलेली चांगली, म्हणजे एक आजारी पडला तर दुसऱ्याला उभं राहता येतं. वकिलांच्या वेल्फेअर फंडाचं तिकीट लावलेलं असतं ते बघा. आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा, साहेब रागावत नाहीत.

केस दाखल झाली की सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळखनंबर, घ्या, १६ अक्षरी असतो, आपल्याकडचा एमएचने सुरू होतो. तो ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि ती कशासाठी आहे ते दिसतं, वकिलाला रोज फोन करायची गरज नाही. खरं सांगू, मलाही करायची गरज नाही, दिवसाला चाळीस फोन "पुढची तारीख काय" एवढ्यासाठी असतात.

वकील बदलायचा असेल तर बदलता येतो. रीत अशी की जुन्या वकिलाकडून एनओसी घ्यायची, उरलेली रास्त फी द्यायची, आणि नवीन वकिलाने वकीलपत्र दाखल करायचं. एनओसी देत नसेल तर कोर्टाच्या परवानगीने जुनं वकीलपत्र संपवता येतं. फी बाकी आहे म्हणून फाईल अडवून ठेवता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००० साली सांगितलंय, फीसाठी त्याने वेगळा दावा लावावा. वागणूक खरोखर वाईट असेल, पैसे खाल्ले, समोरच्याशी संगनमत केलं, तर कलम ३५ खाली बार कौन्सिलकडे तक्रार होते, समज देण्यापासून सनद काढून घेण्यापर्यंत शिक्षा आहे. ग्राहक आयोगात मात्र जाऊ नका, मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही असा निकाल दिलाय.

राहिलं अपिलाचं. निकाल काही लागो, त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका, कारण जिल्हा कोर्टात अपिलाला ३० दिवस आणि हायकोर्टात ९० दिवस असतात आणि नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळतात, पण अर्ज टाकलाच नाही तर वगळणार काय? इकडच्या लोकांना पूर्वी मुंबई गाठावी लागायची, १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालंय. तेव्हा पहिल्याच भेटीत हेही विचारून घ्या की वर जायची वेळ आली तर कोल्हापूरला तुम्ही स्वतः उभे राहणार का तिथला वकील देणार, आणि तिथला दिलात तर फाईल मराठीतून इंग्रजीत करायचा खर्च कुणाचा. आमच्याकडे तो पानावर घेतात, आणि टायपिंग मीच करतो, तेव्हा पानं कमी करून आणा.